अख्ख्या वर्गाची एकच सुट्टी

माझ्या मुलांनी कॉपी केली नव्हती. मी निवृत्त झाले, केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी हे वाक्य सांगायची संधी मी सोडत नाही. लग्नाच्या पंगतीत सांगते, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईलाही सांगते. आता या अंकाच्या संपादकांनी निरोप पाठवला की नोकरीतले अनुभव लिहा, पण दिवाळी आहे तर जरा खुसखुशीत लिहा. खुसखुशीत हवं असेल त्यांनी चकली खावी. माझ्याकडे राग आहे, तो घ्यायचा तर घ्या.

मी इंग्रजी शिकवायचे. धानोऱ्याच्याही पुढं, रस्ता आता संपला असं वाटल्यावरही तो बराच उरतो, तिथल्या एका गावच्या ज्युनियर कॉलेजात. मी मूळची चंद्रपूरची, जुन्या किल्ल्याच्या परकोटाच्या आतली. अब्बा शिंपी. घरात हिंदी, गल्लीत मराठी आणि इंग्रजी फक्त अब्बांच्या शिलाई मशीनवर, सोनेरी अक्षरांत. ती अक्षरं लावत लावतच मी एम.ए. झाले. नोकरी लागली तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच उजाडलं होतं. मुसलमानाची पोरगी, एकटी, जंगलात राहणार, म्हणून अर्ध्या नातेवाइकांनी फक्त जेवण सोडायचंच बाकी ठेवलं. जंगलानं माझं काही वाकडं केलं नाही. जे केलं ते खुर्च्यांनी केलं.

त्या पंचक्रोशीत इंग्रजीचं दुकान एकच, ते म्हणजे मी. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, खताच्या पोत्यावर काय लिहिलंय, मुंबईहून आलेल्या तारेत काय आहे, सगळं माझ्याकडे यायचं. सायकल दुरुस्तीवाले गफूरभाई एकदा नव्या बोर्डाचं कौतुक करून घ्यायला आले. पेंटरनं रंगवलं होतं, 'रिपेअरिंग सायकल, वी सेल ट्यूब ॲण्ड टू वेल्ड'. मी म्हटलं, भाई, तीन कामं तीन तऱ्हेनं सांगितलीत, एका ओळीत नीट बसवा. ते म्हणाले, "मॅडम, बोर्ड टेढा है तो क्या हुआ, पंक्चर तो सीधा बनता है." तो बोर्ड माझी तिथली नोकरी संपेपर्यंत तसाच होता आणि गफूरभाईंचा धंदाही जोरात होता.

बोर्डाचं सोडा, पण माझ्या मुलांना त्या वाकडेपणाची सूट नव्हती. आता बाहेरच्या माणसाला माझं काम कळावं म्हणून थोडं व्याकरण सांगते. घाबरू नका, मार्क नाहीत. 'सुमनला गाणं, नाचायला आणि ती भात रांधते' असं कुणी म्हणालं तर तुमच्या कानाला खडा लागल्यासारखं होईल. एका वाक्यात तीन गोष्टी सांगायच्या तर तिन्ही एकाच पद्धतीनं सांगायच्या. सुमनला गायला, नाचायला आणि भात रांधायला आवडतं. बस्स, एवढंच. इंग्रजीत याला पॅरलल स्ट्रक्चर म्हणतात. मराठीत आपण हे आईच्या कडेवर बसून शिकतो. इंग्रजीत मात्र पदवीवालेही गडबडतात. एका शब्दाला आयएनजीची शेपटी, दुसऱ्याच्या डोक्यावर 'टू', तिसरा उघडाबोडका. आमच्या मुलांची मातृभाषा गोंडी, शाळेत मराठी, त्यावर इंग्रजी. त्यांचं वाक्य तीन पायांचं निघालं तर नवल नव्हतं.

मी बरीच वर्षं हा भाग पुस्तकातल्यासारखा शिकवला. पुस्तकातली उदाहरणं म्हणजे पोहणं, स्केटिंग आणि पियानो वाजवणं. मुलं फार सभ्य. समजलं नाही तरी मान डोलवायची आणि पेपरात पियानोची पार दाणादाण उडवायची.

मग एका उन्हाळ्यात मी सुट्टीला चंद्रपूरला न जाता गावातच राहिले आणि सुमनच्या घरी गेले. सुमन माझ्या वर्गातली, तेव्हा अकरावी संपवून बारावीत चाललेली. शांत मुलगी, पण एकदा डोक्यात घेतलं की सोडायची नाही. तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या आईचं बाळंतपण घरीच झालं होतं, त्यात धाकटं भावंड गेलं, तेव्हापासून तिनं हे धरून ठेवलं होतं. मी गेले तेव्हा घरातले सगळे पडवीत तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बसले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तेंदूच्या पानाची बिडी होते. मे महिन्यात आमच्या भागातलं अख्खं गाव, म्हातारीपासून पोरापर्यंत, पहाटे उठून जंगलात जातं, पानं तोडतं, दुपारी सावलीत त्यांचे पुडे बांधतं आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या संकलनाच्या जागेवर, नेऊन देतं; तिथं ठेकेदाराचा मुन्शी ते तपासून, मोजून घेतो. पाऊसकाळ त्यावर निघतो. सुट्टी-बिट्टी काही नसते.

मीही हौसेनं एक पुडा बांधला. मला वाटलं छान झाला. सुमननं तो सोडला.

"मॅडम, असा पुडा फळीवर नाई घेत," ती म्हणाली. "देठ सारे एकीकडं पाह्यजे. एक जरी उलटा लागला का मुन्शी फेकून देते."

जो धडा मी पियानोवर शिकवत बसले होते तो यांच्या बोटांत होता. जून महिन्यात वर्ग भरला तेव्हा मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, 'इन समर वी वेक अर्ली, वॉक फार, प्लक लीव्हज ॲण्ड टाय बंडल्स.' आणि विचारलं, देठ कुठीकडं आहेत? मागच्या बाकावरून आवाज आला, "सारे एकीकडं हायेत, मॅडम." त्या वर्षी मी व्याकरणाचं नावही काढलं नाही. चुकीचं वाक्य लिहायचं आणि म्हणायचं, मुन्शी हा पुडा घेईल का? उलट्या देठावर बोट ठेवायला वर्गात चढाओढ लागायची. मला अभिमान वाटायचा. अजून वाटतो, आणि तो कुणाला दिसला तर दिसू दे.

बारावीच्या पेपरात निबंध आला, 'मी उन्हाळ्याची सुट्टी कशी घालवतो'. पेपर सुटल्यावर मुलं हसत बाहेर आली. इंग्रजीचा पेपर सुटल्यावर आमच्या कॉलेजात कुणी हसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि मग मे महिन्यात, ऐन तेंदूच्या दिवसांत, परीक्षा मंडळाचं पत्र आलं. सामूहिक कॉपीचा संशय आहे, सर्व विद्यार्थ्यांचे निकाल राखून ठेवत आहोत, विषयशिक्षकासह सुनावणीला हजर राहावं. मी ते पत्र वाचून प्राचार्यांच्या टेबलावर आपटलं. शहरातल्या केंद्रांवर भिंतींवरून चिठ्ठ्या उडतात, बाप लोक झाडावर चढून उत्तरं ओरडतात, हे सगळ्या जगाला माहीत होतं. आमच्या केंद्रावर उत्तरं ओरडायला बापांना यायला तर हवीत ना! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. प्राचार्य म्हणाले, आवाज कमी करा, मॅडम, कॉलेजच्या मान्यतेचा प्रश्न आहे. त्यांना कायम मान्यतेचाच प्रश्न असायचा.

सुनावणी कुठल्या शहरात झाली ते मी लिहीत नाही, कारण त्या खुर्च्या सगळ्या शहरांत सारख्याच असतात. पानं तोडायची सोडून मुलं एसटीनं आली. काहींबरोबर बाप होते. सुमनबरोबर तिचे वडील बिरजूभाऊ होते, धुतलेला सदरा घालून. बाहेर लाकडी बाकावर सगळ्यांना बसवलं आणि आधी मला आत बोलावलं.

सुनावणी घेणारा साहेब वाईट माणूस नव्हता, हेच तर चीड आणणारं. चहा विचारला, पंखा माझ्याकडे वळवला. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, प्रत्येकीत एका वाक्याखाली लाल रेघ. तेच माझं फळ्यावरचं वाक्य. कुणी जरा बदललं होतं, कुणी पुढं एक तुकडा जोडला होता, पण पुडा तोच.

"अख्खा वर्ग एकच सुट्टी घालवतो का, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "एकच घालवतो."

त्यांना वाटलं मी उद्धटपणा करतेय. मी उद्धट आहेच, पण तेव्हा नव्हते. मी त्यांना तेंदूपत्ता समजावून सांगितला. पहाटेचं जंगल सांगितलं, फळी सांगितली. म्हटलं, शहरातली मुलं मामाच्या गावाला जातात, कुणी महाबळेश्वरला जातं, म्हणून त्यांचे निबंध वेगळे होतात. आमच्याकडे मे महिन्यात दुसरं काही करायलाच नसतं, मग निबंधात दुसरं येणार कुठून? त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते ठीक आहे, पण वाक्यरचनाही एकच? मी म्हटलं, ती मी शिकवली, त्याचाच पगार घेते. मग त्यांनी जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते म्हणाले, "तिकडची मुलं इतकं सरळ इंग्रजी लिहीत नसतात. चुका कुठे आहेत?"

चुका होत्या. मी गठ्ठा ओढला आणि दाखवल्या. 'लीव्हज'चं स्पेलिंग एकानं एक केलं होतं, दुसऱ्यानं दुसरं. 'बंडल्स'ची तर प्रत्येकानं आपापल्या परीनं वाट लावली होती. एकमेकांचं बघून लिहिलं असतं तर चूकही एकच झाली असती, हे पाचवीतल्या पोराला कळेल. साहेब म्हणाले, घाईत उतरवताना असं होतं. म्हणजे चूक नाही म्हणून कॉपी आणि चूक आहे म्हणूनही कॉपी. मी म्हटलं, निदान पुढचं तरी वाचा. एकीनं जंगलात भेटलेल्या अस्वलाबद्दल लिहिलं होतं. एकानं, तो ढिवराचा पोरगा, तेंदू संपल्यावर आटलेल्या तलावात मासे कसे हातानं धरतात ते लिहिलं होतं. सुमननं लिहिलं होतं की आजी पुडे बांधता बांधता झोपते आणि झोपेतही तिची बोटं चालू असतात. शितावरून भाताची परीक्षा करतात हे मला ठाऊक होतं, पण यांनी पहिलं शीत चाखून पातेलंच ओतून दिलं होतं. पुढची पानं कुणी उलटलीच नव्हती.

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मार्ग काढला. त्यांच्या मते तो दयाळू मार्ग होता. ज्यांनी लेखी माफीनामा दिला त्यांचा निबंध रद्द होईल, बाकी पेपर धरून निकाल लगेच लागेल. ज्यांनी दिला नाही त्यांचं प्रकरण समितीपुढं जाईल. समिती कधी बसेल? ते सांगता येत नाही.

मी बाहेर येऊन बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं, कुणी सही करायची नाही. तुम्ही चोर नाही. मी वरपर्यंत जाईन, पेपरात छापून आणीन. माझा आवाज अख्ख्या व्हरांड्यात जात होता. बिरजूभाऊ उठून माझ्याजवळ आले.

"बाई, पोरीनं चोरी नाई केली हे मले मालूम हाय," ते हळूच म्हणाले. "पन हे लोक तुमचंच आयकून नाई राह्यले, तं माह्यं कोन आयकन?"

सुमननं फक्त एक प्रश्न विचारला. "मॅडम, सही नाई केली तं निकाल कवा लागन?"

नर्सिंगच्या ट्रेनिंगचे अर्ज निकालाशिवाय घेत नव्हते आणि त्यांची मुदत जूनमध्येच संपत होती, हे तिला जसं ठाऊक होतं तसं मलाही होतं. एक वर्ष थांबलेल्या मुलीचं आमच्याकडे काय होतं, तेही ठाऊक होतं. थांबलेलं वर्ष कुणाच्या तरी मांडवात संपतं. सुमन उठली आणि आत गेली. तिच्या मागून एकेक करत सगळे गेले.

आत कारकुनानं माफीनाम्याचा नमुना फळ्यावर लिहून ठेवला होता. 'मी परीक्षेत गैरमार्गाचा अवलंब केला, त्याबद्दल मला पश्चात्ताप होत आहे.' तो म्हणाला, जसंच्या तसं उतरवा, एक शब्द इकडचा तिकडं व्हायला नको. मागच्यांना फळा दिसत नव्हता, तर तो म्हणाला, पुढच्याच्या कागदावरून बघून लिहा. मी दारात उभी राहून बघत होते. माझ्या मुलांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कॉपी केली, आणि ती कॉपी रोखण्यासाठी नेमलेल्या माणसांच्या देखरेखीखाली.

मी नंतर बरंच काही केलं. अर्ज केले, वर गेले, खाली आले. उत्तर एकच मिळायचं, विद्यार्थ्यांनी स्वतःच गुन्हा कबूल केलाय, आता काय राहिलं? प्राचार्यांनी मला बजावलं की यापुढं फळ्यावर पूर्ण वाक्यं लिहू नका. ते मी ऐकलं नाही. मी शेवटच्या दिवसापर्यंत देठ एकीकडंच लावत राहिले, फक्त दर वर्षी मुलांना सांगायचे की जंगलाबद्दल लिहू नका, मामाच्या गावाला गेलात असं लिहा. खोटं लिहायला मी शिकवलं. खोट्या सुट्टीवर कुणी लाल रेघ मारली नाही.

सुमनचा निकाल लागला, तिला ट्रेनिंगला प्रवेश मिळाला, ती नर्स झाली. इथं गोष्ट संपवली असती तर तुम्ही म्हणाला असता, चला, शेवट गोड झाला. संपादकांनाही तेच आवडलं असतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कॉलेजच्या पायऱ्यांवर पाय घसरला आणि माझं डावं मनगट सुजून भोपळा झालं. गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात गेले तर डॉक्टर मीटिंगला गेलेले आणि खुर्चीवर सुमन. पांढरी साडी, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर तोच शांतपणा. तिनं हाताला फळी बांधली. माझ्यासमोरच दोन बायांना गोळ्या समजावून सांगितल्या, गोंडीत. मला शब्द कळले नाहीत, पण लय कळली. एकीखाली एक, तिन्ही सूचना एका मापाच्या. मला आतून बरं वाटलं. मग ती म्हणाली, मॅडम, एक्स-रे काढा लागते, चंद्रपूरले जा, मी चिठ्ठी देतो.

तिनं चिठ्ठी इंग्रजीत लिहिली आणि माझ्या हातात दिली. 'पेशंट फेल डाऊन, हॅविंग पेन ॲण्ड हँड टू स्वेल.' तीन तुकडे, तिघांची तोंडं तीन दिशांना. गफूरभाईंचा बोर्ड बरा. मास्तरकीची खोड मेल्यावरच जाते, उजवा हात शाबूत होता, मी तिच्या टेबलावरचा पेन उचलला.

सुमननं माझा हात धरला.

"राहू द्या, मॅडम. मले येते. मी मुद्दाम तसं लिहिलं."

मला समजेना. मी विचारलं, "काऊन?"

"पह्यले सरळ लिहीत होती. वरून डॉक्टरचा फोन आला, हे कोनाकडून लिहून घेतलं, खरं सांग म्हने." ती दुसऱ्या पेशंटला हातानं थांबायची खूण करत म्हणाली, "एक डाव माफी लिहून देली ना मॅडम. आता वाकडं लिहितो. वाकडं लिहिलं का कोनी काई इचारत नाई."

हे सांगताना ती रडली नाही, चिडलीही नाही. पाणी उकळून प्या सांगावं तसं सांगितलं. मी पेन खाली ठेवला आणि चिठ्ठी घेऊन एसटीत बसले. चंद्रपूर येईपर्यंत मनगटापेक्षा दुसरंच काही ठणकत होतं.

चंद्रपूरच्या डॉक्टरनं चिठ्ठी वाचली आणि त्याला हसू आलं. तरुण पोरगा, मनानं चांगला असावा. त्यानं ती चिठ्ठी शेजारच्या सहकाऱ्याला दाखवली, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा ना, मावशी. तिकडच्या पोरींना इंग्रजी कोण शिकवतं, देव जाणे."

"मी शिकवते," मी म्हटलं.